डावा की उजवा? धातूंच्या पिंजऱ्याची हस्तता कोण ठरवतं?

मागच्या वेळी आपण पाहिलं की काही रेणू आणि धातूंचे अणू योग्य द्रावणात एकत्र आले, की आपले आपणच जुळून मोठी रचना बांधतात. व्याख्यानानंतर आम्हाला एक नेमका प्रश्न आला: रचना आपोआप होते हे ठीक, पण ती डावी होणार की उजवी, हे कोण ठरवतं? आज तेवढाच प्रश्न घेऊ.

आधी डावं-उजवं म्हणजे काय ते पाहू. दोन्ही तळहात समोर धरा. बोटं तितकीच, ठेवण तीच, पण एक हात दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात बसत नाही. काही रेणूही असेच असतात. या गुणाला किरॅलिटी म्हणतात. आपण हस्तता म्हणू. बाळंतशेपांचा वास आठवा, आणि स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा. दोन्हींत कार्व्होन नावाचा एकच रेणू आहे. शेपांत त्याचा एक हात, पुदिन्यात दुसरा. वास मात्र किती वेगळे!

औषधांत हा फरक फार गंभीर होतो. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. गरोदर स्त्रियांनी ते घेतलं, हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये औषध मागे घेतलं गेलं. त्याचा एकच हात दिला असता तर? भागलं नसतं, कारण शरीरात त्याचे दोन्ही हात एकमेकांत बदलत राहतात. म्हणजे प्रश्न दोन झाले बघा: हवा तो हात मिळवायचा कसा, आणि मिळालेला टिकवायचा कसा?

आता धातूकडे येऊ. धातूच्या एका अणूला तीन रेणूंनी प्रत्येकी दोन ठिकाणी धरलं, की पंख्याच्या तीन पात्यांसारखी रचना होते. पाती एका बाजूला कलली की उजवी, दुसऱ्या बाजूला कलली की डावी. गंमत म्हणजे, त्या तीन रेणूंत स्वतःची हस्तता मुळीच नसली तरी चालतं. धातूभोवतीची हस्तता झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १९११ मध्ये सिद्ध केली. त्यांनी कोबाल्टच्या संयुगाचे दोन हात वेगळे करून दाखवले. कोबाल्ट एकदा धरलेलं सहजी सोडत नाही, म्हणून ते हात वेगळेच राहिले.

आपोआप जुळणाऱ्या रचनेला मात्र उलटा स्वभाव लागतो. चुकीचं जुळलं तर सोडून पुन्हा धरता आलं पाहिजे. गॅलियमला ते जमतं. पण जो धातू चूक सुधारू शकतो, तो हातही बदलू शकतो! खरी अडचण इथे आहे.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात केनेथ रेमंड यांच्या गटाने एक पिंजरा बनवला. चार कोपऱ्यांवर चार गॅलियम, सहा कडांवर सहा सेंद्रिय रेणू. प्रत्येक कोपरा डावा किंवा उजवा, म्हणजे दोन गुणिले दोन असं चार वेळा, एकूण १६ शक्यता. प्रत्यक्षात मिळतात दोनच: चारही डावे किंवा चारही उजवे. असं का? कडेचा रेणू मधोमध ताठ आहे, वळत नाही. तो एका कोपऱ्याचा कल दुसऱ्यापर्यंत पोचवतो. भोंडल्याचा फेर आठवा. हात धरलेले असताना एकटीला उलट दिशेने जाता येत नाही.

पण डावे आणि उजवे पिंजरे निम्मे-निम्मेच होतात. ते वेगळे करायला रेमंड यांच्या गटाने तंबाखूतल्या निकोटिनपासून केलेला, एकाच हाताचा धन आयन वापरला. मिथेनॉलमध्ये त्याच्यासोबत एका हाताचा पिंजरा साका होऊन खाली बसला, दुसरा द्रावणात राहिला. हा आयन पिंजऱ्याच्या आत बसून काम करतो की बाहेरून? आतली पोकळी दुसऱ्या साध्या आयनाने बुजवली, तरी पिंजरे वेगळे झालेच. म्हणजे निवड बाहेरून होत होती.

मग निकोटिनचा आयन काढून हस्तता नसलेला आयन घातला. आता हात ठरवणारं बाहेरचं कोणी उरलं नाही. पिंजरे पुन्हा निम्मे-निम्मे व्हायला हवे होते ना? झाले नाहीत. सामान्य तापमानाला २० दिवसांहून अधिक काळ हस्तता तशीच राहिली. द्रावण ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, तरी फरक पडला नाही. एक कोपरा उलटू पाहतो, तर बाकीचे तीन त्याला धरून ठेवतात.

तरी वेगळे करण्याच्या या पद्धतीत निम्मा माल नको त्या हाताचा निघतो. २०१३ मध्ये याच विद्यापीठातल्या संशोधकांनी कडेच्या रेणूंच्या टोकांनाच एका हाताचे छोटे गट जोडले. मग हवा तोच पिंजरा तयार झाला, वेगळं करायची गरजच उरली नाही.

याचा उपयोग काय? वेगळा केलेला गॅलियमचा पिंजरा २००९ मध्ये उत्प्रेरक म्हणून वापरला. पोकळीत शिरलेल्या रेणूपासून एका हाताचं उत्पादन जास्त झालं, सर्वोत्तम प्रयोगात ८९ विरुद्ध ११. एन्झाइमांच्या मानाने हे कमीच. पण लक्षात घ्या, त्या पिंजऱ्याच्या सहाही कडांना स्वतःची हस्तता नव्हती. ती होती फक्त कोपऱ्यांच्या कलात.

तर आपल्या श्रोत्याला उत्तर असं: हात ठरवतो एखादा छोटासा पाहुणा किंवा टोकाचा गट, आणि तो टिकवते सगळी रचना मिळून. पोकळीत शिरलेल्या रेणूचं नेमकं काय होतं, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.