शिफारसपत्र कोणाचं घ्यावं?

अर्ज परदेशातला : लेखांक 6

गेल्या आठवड्यात अर्जातल्या निबंधाबद्दल लिहिलं. निबंध विद्यार्थी स्वतः लिहितो. शिफारसपत्र दुसरा कुणी लिहितो, परस्पर विद्यापीठाकडे पाठवतो आणि बहुतेक वेळा विद्यार्थ्याला ते वाचायलाही मिळत नाही. विद्यार्थ्याच्या हाती उरतं ते एवढंच, की लिहायला कोणाला सांगायचं. आपल्याकडे मात्र नेमकं हेच सर्वांत घाईने उरकलं जातं. प्राचार्यांचं लेटरहेड मिळालं किंवा वडिलांच्या ओळखीतल्या एखाद्या दिग्दर्शकाने सही द्यायचं कबूल केलं, की ‘एलओआरचं काम झालं’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. शिफारस करणारा हा साक्षीदार असतो आणि साक्षीदाराची किंमत त्याच्या हुद्द्यावर नाही, तर त्याने डोळ्यांनी काय पाहिलं यावर ठरते. फिल्म स्कूलच्या अर्जात तर हा निकष जास्तच कडकपणे लावायला हवा.

अमेरिकेतली पदवीची बरीचशी महाविद्यालयं ‘कॉमन अ‍ॅप’ या सामायिक अर्जातून प्रवेश देतात. 1975 साली मोजक्या खासगी महाविद्यालयांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत आज एक हजाराहून जास्त संस्था आहेत. त्यात शाळेच्या काउन्सेलरचं पत्र वेगळं, विषयशिक्षकांची वेगळी आणि काही ठिकाणी ‘इतर’ म्हणून आणखी एखाद्याचं. शिक्षकाला सुरुवातीलाच विचारलेलं असतं, की या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता. एमआयटी एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं मागते. हेतू उघड आहे. एकच मुलगा दोन वेगळ्या वर्गांत कसा वागतो, हे त्यांना पाहायचं असतं. म्हणून पत्रं एकेकटी निवडू नयेत, संच म्हणून निवडावीत. भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या दोन्ही सरांनी ‘हुशार व मेहनती’ असं लिहिलं, तर दुसऱ्या पत्राने काहीच भर घातलेली नसते. आणि हो, आधी नियम वाचावेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवीच्या सर्वसाधारण अर्जाला शिफारसपत्र लागतच नाही.

पण ही पत्रं इतकी महत्त्वाची असतात का? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण त्याला अभ्यासाचा आधार आहे. 1981 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की एकाच लेखकाने दोन वेगळ्या उमेदवारांसाठी लिहिलेल्या पत्रांत जेवढं साम्य असतं, तेवढं एकाच उमेदवाराबद्दल दोघांनी लिहिलेल्या पत्रांत नसतं. म्हणजे पत्र उमेदवारापेक्षा लिहिणाऱ्याबद्दलच जास्त सांगून जातं. 2014 साली नेथन कुन्सेल आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला. गुण आणि परीक्षांचे निकाल हाताशी असताना पुढच्या गुणांचा अंदाज बांधायला पत्रांची फारशी मदत होत नाही, असं त्यांना आढळलं. मात्र विद्यार्थी पदवी पूर्ण करेल का, या प्रश्नावर पत्रं थोडी का होईना भर घालतात. मला हे अगदी पटण्यासारखं वाटतं. बुद्धी गुणपत्रिकेतही दिसते. चिकाटी दिसायला कुणीतरी शेजारी उभं राहून पाहिलेलं असावं लागतं. तेव्हा या अभ्यासांवरून ‘पत्रं निरुपयोगी’ असा निष्कर्ष न काढता, साचेबंद पत्रं निरुपयोगी आणि जवळून पाहणाऱ्याचं पत्र थोडंफार उपयोगी, असा काढावा.

आता फिल्म स्कूलकडे वळू. चित्रकार स्वतःची चित्रं पाठवतो, तेव्हा ती त्याचीच असतात. सात मिनिटांच्या लघुपटाचं तसं नसतं. कॅमेरा कुणी धरला, संकलन कुणी केलं, कथा कुणाची, नट कुणी शोधले, हे पडद्यावर दिसत नाही. श्रेयनामावलीत ‘दिग्दर्शक’ म्हणून नाव असलं, तरी निवड समितीला ते एका मर्यादेपलीकडे तपासता येत नाही. शिवाय फिल्म स्कूलचं शिक्षणच मुळी गटात चालतं. लॉस एंजेलिसच्या एएफआय कॉन्झर्व्हेटरीत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, निर्मिती, कलादिग्दर्शन आणि पटकथा अशा सहा शाखा आहेत आणि त्यांतले विद्यार्थी मिळून चित्रपट करतात. तिथे चुकीचा माणूस घेतला, तर त्याची झळ साऱ्या युनिटला बसते. म्हणून समितीला पत्रातून हवं असतं ते फिल्ममध्ये न दिसणारं. समजा, शूटिंगच्या आदल्या रात्री लोकेशनची परवानगी रद्द झाली. या मुलीने सकाळपर्यंत तीन प्रसंग एका खोलीत बसतील असे नव्याने लिहिले, आणि ध्वनी सांभाळणारा मित्र चिडून निघाला होता त्यालाही थांबवलं. हे ज्याने पाहिलं, त्याच्या दोन परिच्छेदांपुढे ‘चित्रपटमाध्यमाची उत्तम जाण’ हे शब्द फिके पडतात, मग खाली सही कोणाचीही असो.

नामवंतांचं पत्र दार उघडतं, असं यावर सांगितलं जातं. तो नामवंत त्या मुलाबरोबर खरंच काम करून चुकला असेल, तर उघडेलही. सहायक म्हणून चार महिने सेटवर असलेल्या मुलाला दिग्दर्शकाने पत्र दिलं, तर त्याहून चांगलं काय? पण लग्नात झालेल्या ओळखीवर मिळालेलं पत्र नवव्या ओळीपर्यंत उघडं पडतं, कारण त्यात सांगायला एकही घटना नसते. उलट बाजूचा गैरसमज असा, की फिल्म स्कूलसाठी सगळी पत्रं सिनेमावाल्यांचीच हवीत. इतिहासाच्या शिक्षिकेने लिहिलं, की या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि पहिला मसुदा स्वतःहून फाडून पुन्हा लिहिला, तर पटकथा शिकवणाऱ्याला त्यातून जे समजायचं ते समजतं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. पुण्याची एफटीआयआय लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून विद्यार्थी निवडते. आपली बहुतेक प्रवेशप्रक्रिया गुणांवर चालते. त्यामुळे विद्यार्थ्याबद्दल गद्यात काही लिहिण्याची सवय आपल्या शिक्षकांना नाही. ज्युनिअर कॉलेजात वर्ग मोठे, हजेरी पातळ, खरा अभ्यास क्लासमध्ये. शिक्षकाने लिहावं तरी काय? मग ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे ओघानेच येतं. ते अप्रामाणिक आहे, हे तर झालंच. पण व्यवहारातही ते तोट्याचं आहे, कारण निबंध आणि पत्र एकाच हातचं असल्याचं रोज अशी पत्रं वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. ‘मग ज्याला कुणीच ओळखत नाही, त्याने काय करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याने अकरावीपासूनच कुणाच्या तरी नजरेसमोर काम करायला हवं. पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धेत प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलाला महिना-दीड महिना रोज पाहणारं कुणीतरी तालमीच्या जागी असतंच. त्या माणसाचं इंग्रजी कच्चं असलं, तर नियमात बसत असेल तिथे त्याने मराठीत लिहावं आणि अधिकृत भाषांतर जोडावं. विद्यार्थ्याने त्याला तारखा, केलेली कामं आणि अर्जाचा हेतू एका कागदावर लिहून द्यावा. मजकूर मात्र देऊ नये.

मुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2016 साली भूविज्ञानातल्या पीएचडीनंतरच्या संशोधनवृत्तींसाठी 54 देशांतून आलेल्या 1,224 पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘उत्कृष्ट’ दर्जाचं पत्र मिळण्याची शक्यता स्त्रियांना पुरुषांच्या साधारण निम्मी होती, आणि लिहिणारी व्यक्ती स्त्री की पुरुष याने त्यात फरक पडत नव्हता. क्षेत्र वेगळं आहे, पण ‘मनमिळाऊ’ आणि ‘कष्टाळू’ ही विशेषणं आपल्याकडे कोणाच्या वाट्याला येतात, हे सांगायला नको. विनंती करतानाच ‘सर, मी अमुक प्रयोगात जे केलं त्याबद्दल लिहाल का?’ असं विचारावं. घटना मागितली, की विशेषणांना जागा कमी उरते.

राहिला गोपनीयतेचा मुद्दा. 1974 च्या ‘फर्पा’ या अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्याला प्रवेशानंतर आपली कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला. शिफारसपत्रांपुरता हा हक्क सोडता येतो, आणि अर्जात तसं विचारलेलंही असतं. अनेक पालकांना हक्क सोडणं धोक्याचं वाटतं. तरी तो सोडावा, कारण विद्यार्थी वाचणार आहे हे माहीत असलेल्या शिक्षकाच्या स्तुतीवर समिती कमी विसंबते. समोरचा काय लिहील याची शंका असेल, तर ती फॉर्म भरण्याआधी फेडून घ्यावी: ‘मॅडम, माझ्याबद्दल चांगलं लिहिण्याइतकं तुम्हाला माझं काम माहीत आहे का? नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या कोणाला विचारतो.’ मॅडम घुटमळल्या, तर दुसऱ्या कोणाला विचारावं. म्हणूनच हे संभाषण नोव्हेंबरात न करता जुलै-ऑगस्टमध्ये व्हायला हवं. लघुपटातलं आपलं काम नेमकं कोणतं, हे पोर्टफोलिओत कसं मांडायचं ते पुढच्या लेखांकात.