जुन्या लॅपटॉपला किती रॅम पुरेल?

जुना लॅपटॉप रखडू लागला की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. पण ४ जीबीची ८ करायची की थेट १६, हे बहुतेक वेळा खिशाकडे पाहूनच ठरते. खरे तर ही गरज मोजता येते, आणि ती कशी मोजायची याचा विचार १९६८ सालीच मांडला गेला आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्ये मुख्य स्मृती आणि फिरता ड्रम यांची सांगड घालून प्रोग्रामला एकच मोठी स्मृती असल्याचा भास निर्माण केला होता. ही युक्ती पुढे सर्वत्र पसरली, पण तिच्यात एक खोट निघाली. काम थोडे वाढले, की यंत्र हळू होण्याऐवजी जवळजवळ थांबायचेच. याचे कारण पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले. कोणताही प्रोग्राम आपली सगळी पाने, म्हणजे स्मृतीचे छोटे तुकडे, एकदम वापरत नाही. नजीकच्या काळात त्याने ज्यांना हात लावला तेवढी पाने, म्हणजे त्याचा ‘वर्किंग सेट’, स्मृतीत मावली की काम सुरळीत चालते. ती मावली नाहीत, तर संगणकाचा सारा वेळ पाने आत-बाहेर करण्यातच जातो.

रॅमच्या खरेदीचा निर्णय या उंबरठ्यावरच व्हायला हवा. उंबरठ्याच्या अलीकडे एकेक जीबी मोलाचा असतो. तो ओलांडला की पुढच्या प्रत्येक जीबीचा लाभ झपाट्याने घटतो. वेगांमधली तफावत पाहिली की हे पटते. रॅममधून माहिती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट. रॅमचा तो क्षण एका सेकंदाएवढा मानला, तर डिस्कची वाट एका दिवसाहून अधिक काळ पाहावी लागेल. साध्या एसएसडीवर हीच वाट साधारण १७ मिनिटांची होते. एसएसडी बसवली की रॅमची गरजच उरत नाही, या समजुतीला हेच उत्तर आहे. एसएसडीने लॅपटॉप लवकर सुरू होतो, आणि अजून हार्ड डिस्कच असेल तर ती आधी बदलणे योग्यच. पण रॅमची तूट ती फक्त सुसह्य करते, भरून काढत नाही.

यावर वाजवी शंका अशी, की ४ जीबीच्या यंत्रात रॅम कायम भरलेलीच दिसणार, मग खरी गरज कळणार कशी? त्यासाठी दिवसातल्या सर्वांत धावपळीच्या वेळी, ब्राउझरचे नेहमीचे सगळे टॅब आणि बाकीची कामे उघडी असताना, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’ हा आकडा पाहावा. डिस्कवर ढकललेली पानेही त्यात धरलेली असतात. प्रोग्रामांनी मागून ठेवलेली, पण न वापरलेली जागाही त्यात येते, त्यामुळे तो गरजेपेक्षा बहुधा थोडा फुगलेलाच असतो. तो साडेसहा जीबी दिसला, तर ८ जीबी पुरेशी. लिनक्सवर ‘व्हीएमस्टॅट’मधले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने सतत हलत असतील, तर तूट आहे असे समजावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जास्तीची रॅम वाया जात नाही. वापरून झालेल्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात साठवून ठेवते. हे खरेच आहे, पण एसएसडी असलेल्या यंत्रात तो फायदा हाताला फारसा जाणवत नाही. व्हर्च्युअल मशीन, मोठे फोटो-संपादन किंवा अँड्रॉइड स्टुडिओ हे रोजचे काम असेल, तर १६ जीबी निःसंकोच घ्यावी. लेखन, ईमेल, ऑनलाइन वर्ग आणि हिशेब यांसाठी तो पैसा एसएसडीत किंवा नव्या बॅटरीत घालणे मला शहाणपणाचे वाटते. भविष्याचा विचार करावा, पण यंत्राचे उरलेले आयुष्यही पाहावे. २०१५ च्या सुमाराचा कोअर आय५-५२००यू प्रोसेसर १६ जीबीच्या पुढे जात नाही, विंडोज ११ साठी तो अधिकृतपणे पात्र नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

अशा लॅपटॉपला दोन खाचा असतील आणि एकीत ४ जीबी असेल, तर दुसरीत तेवढीच पट्टी बसवणे बहुधा सर्वांत किफायतशीर. रॅमच्या दोन्ही वाहिन्या (चॅनेल) एकाच वेळी चालू लागतात, आणि मुख्य रॅममधूनच काम भागवणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सलाही त्याचा उपयोग होतो. घेताना पट्टी डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची आहे ना, हे लेबलवर वाचावे, आणि मूळची रॅम मदरबोर्डवरच जोडलेली नाही ना, हे पैसे मोजण्याआधी मागचे झाकण उघडून पाहावे.