एकाच वर्गात कृशता आणि स्थूलता : शालेय मुलांचे पोषण व शेतीची भूमिका

शाळेतील मुलांची उंची व वजन मोजले असता भारतात आज दोन टोके आढळतात. एका बाजूस वयाच्या मानाने अतिशय कृश मुले, तर दुसऱ्या बाजूस अतिरिक्त वजनाची मुले. पहिल्यांना अन्न कमी पडते आणि दुसऱ्यांना ते जास्त होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. दोन्ही प्रकारच्या मुलांच्या ताटात बहुधा एकच उणीव असते. तृणधान्य, तेल व साखर यांतून ऊर्जा मिळते, परंतु कडधान्ये, भाजीपाला, फळे व दूध यांचा वाटा तोकडा राहतो. ही उणीव जेथे भरून निघू शकते, ते ठिकाण म्हणजे शेत. म्हणूनच हा विषय केवळ आरोग्य विभागाचा नाही, तो कृषी विस्ताराचाही आहे.

आकडेवारी काय सांगते?

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार ५ ते ९ वर्षे वयोगटातील २२ टक्के मुले खुरटलेली, २३ टक्के कृश, तर ४ टक्के अतिरिक्त वजनाची होती. १० ते १९ वर्षे वयोगटात कृशतेचे प्रमाण २४ टक्के व अतिरिक्त वजनाचे ५ टक्के आढळले. याच सर्वेक्षणात सुमारे १० टक्के शालेय मुलांमध्ये रक्तातील साखर मधुमेहपूर्व पातळीवर होती. अतिरिक्त वजनाच्या मुलांपेक्षा ही संख्या मोठी आहे. याचा अर्थ, चयापचयातील बिघाड बाहेरून दिसणाऱ्या लठ्ठपणापुरता मर्यादित नाही.

स्थूलतेचे प्रमाण आज कमी दिसत असले, तरी तिची वाढ वेगवान आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील ५ ते १९ वर्षे वयोगटातील लठ्ठ मुलांची संख्या १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाखांवर पोहोचली.

या ठिकाणी मोजमापाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. मूल बारीक की जाड, हे नजरेने ठरविणे फसवे असते. खुरटलेले मूल बुटके असल्याने अंगाने ठीक भासते. प्रत्यक्षात ते वयाने दोन वर्षे मोठे असू शकते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक (बीएमआय) मुलाचे वय व लिंग यांनुसार जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याशी ताडून पाहावा लागतो. प्रौढांसाठीची मर्यादा मुलांना लागू पडत नाही.

कृशतेच्या पोटी स्थूलता

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत केलेला माता-पोषण अभ्यास या दृष्टीने मूलगामी आहे. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलोग्रॅम भरले. भारतीय बालकांचे स्नायू व अवयव लहान होते, मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. 'कृश तरीही मेदयुक्त' असे हे शरीर पुढील आयुष्यात केवळ ऊर्जायुक्त आहारावर वाढले, तर मधुमेह व हृदयविकार यांस अनुकूल ठरते.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष शेतकऱ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. मातेच्या आहारातील एकूण ऊर्जा किंवा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. तो दिसला हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेण्याशी. बारीक मुलास बिस्किटे, वेफर्स व गोड पेये देऊन 'अंग भरविण्याचा' घरगुती उपाय म्हणूनच घातक आहे. त्याने वजन वाढते, पण उणीव तशीच राहते.

ताटातील प्रमाण

प्रधानमंत्री पोषण योजनेत, म्हणजे पूर्वीच्या मध्यान्ह भोजन योजनेत, प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल निश्चित केले आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ग्रॅम प्रथिने अपेक्षित आहेत. उच्च प्राथमिक वर्गांसाठी ही उद्दिष्टे ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम अशी आहेत. धान्य नियमित पोहोचते आणि साठविताही येते. भाजी मात्र रोज ताजी लागते. त्यामुळे पुरवठा विस्कळीत झाला की प्रथम कात्री लागते ती भाजीला, त्यानंतर डाळीला. उरतो तो भात.

शेतातून शाळेपर्यंत

लोहसमृद्ध बाजरीचा 'धनशक्ती' हा वाण इक्रिसॅट व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ विद्यार्थ्यांवर या बाजरीची चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभी लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी ज्यांनी लोहसमृद्ध बाजरी खाल्ली, त्यांची कमतरता सहा महिन्यांत दूर होण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्यांच्या सुमारे १.६ पट होती. ताटातील पदार्थ न बदलता केवळ वाण बदलून साधलेला हा परिणाम आहे. बाजरीचे पीठ लवकर कडवट होत असल्याने शाळेसाठी दळण थोडे व वारंवार करावे लागते, एवढे पथ्य पाळावे.

डाळीचा प्रश्न बव्हंशी साठवणुकीचा आहे. कडधान्यातील भुंगेऱ्याची लागण शेतातील पक्व शेंगांवरच सुरू होते. मादी दाण्यावर अंडी घालते आणि अळी दाण्याच्या आत शिरून तो पोखरते. गोल छिद्र दिसू लागते, तोपर्यंत मुलाच्या वाट्याची प्रथिने किडीने फस्त केलेली असतात. कडधान्य वाळवून त्यातील ओलावा १० टक्क्यांच्या आत आणावा व ते हवाबंद डब्यात ठेवावे. अखंड दाण्यापेक्षा सालविरहित डाळीस हा भुंगेरा कमी लागतो, म्हणून दीर्घ साठवणीसाठी वेळीच डाळ करून ठेवणे हिताचे. चिक्कीसाठी शेंगदाणे घेताना बुरशी लागलेले व सुरकुतलेले दाणे काढून टाकावेत. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते.

भाजीसाठी शाळेची परसबाग हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. माठ, पालक, शेवगा, पपई, भोपळा व काकडी यांस थोडी जागा पुरते. भोपळा व काकडीत नर व मादी फुले वेगळी असल्याने फळधारणा मधमाश्यांसारख्या कीटकांवर अवलंबून असते. रासायनिक कीटकनाशकांना परसबागेत स्थान नसावे. मुले तेथे वावरतात व पाने लगेच खुडली जातात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिबिंदू

• शाळेला भेट देताना धान्यकोठीबरोबरच डाळीचे डबे उघडून पाहावेत.
• वेलवर्गीय भाज्यांत फळमाशीसाठी गंध सापळे, तर मावा व अन्य रसशोषक किडींसाठी पिवळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क यांचे प्रात्यक्षिक शाळेतच घ्यावे. अर्काची फवारणी सायंकाळी, मधमाश्यांचा वावर थांबल्यावर करावी.
• शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांना शाळांशी जोडून आठवड्याचे भाजी-वेळापत्रक ठरवावे.
• महिला मेळाव्यांत मुलींच्या व गर्भवतींच्या ताटातील पालेभाज्या, फळे व दूध यांचा आवर्जून उल्लेख करावा.
• शाळेच्या आवारात व प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अति मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार मनाई आहे. ही बाब शाळा व्यवस्थापन समितीच्या निदर्शनास आणावी.

धान्याच्या टंचाईवर देशाने मात केली, त्यात शेतकऱ्यांचा वाटा मोठा होता. मुलांच्या ताटात आज टंचाई आहे ती विविधतेची. ती दूर करणारे पीक बांधावर, परसात किंवा दोन ओळींच्या मधल्या जागेतही घेता येते. पीक नियोजनाच्या बैठकीत बाजारभावाबरोबर गावातील शाळेच्या ताटाचाही विचार व्हावा.