पाणी उकळले, तरी नायट्रेट उरते

पिण्याचे पाणी उकळून, गाळून घ्यावे ही शिकवण आपल्या घरांत वडीलधाऱ्यांनीच रुजवली. तिने कित्येक आजार उंबऱ्याबाहेर ठेवले आणि जंतूंच्या बाबतीत ती आजही तितकीच खरी आहे. मात्र विहिरीच्या पाण्यात विरघळणारे नायट्रेट या उपायाला दाद देत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळताना वाफ निघून जाते आणि नायट्रेट भांड्यातच राहते; त्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट थोडे वाढते.

हे नायट्रेट येते कोठून? आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते. पण पिकांना ते हवेतून थेट घेता येत नाही. हरभरा, तूर, मूग, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू ते पिकाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. शेणखत व पालापाचोळा कुजल्यावरही मातीतील जिवाणू त्यातील नत्राचे नायट्रेट करतात. पिके ते शोषतात आणि उरलेल्यापैकी काही भाग दुसरे जिवाणू पुन्हा हवेत सोडतात. हेच नत्रचक्र. तुमच्या लहानपणी शेतात आलटून पालटून कडधान्य घेतले जाई, तेव्हा हे चक्रच जपले जात होते.

१९०९ मध्ये जर्मनीतील फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला आणि १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. त्यातून आलेल्या खतांनी जगाची भूक भागवली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीतून जवळजवळ २१ किलो नत्र जमिनीत जाते. पिकाच्या गरजेपेक्षा अधिक पडलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली उतरते, कारण मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत.

दिंडोरी तालुक्यातील वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पालखेड, करंजवण, वाघाड, ओझरखेड या धरणांमुळे येथे द्राक्षे, टोमॅटो आणि भाजीपाला पिकतो. ही पिके खताला आणि पाण्याला मागणी करणारी आहेत. खाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांतून झिरपलेले पाणीच विहिरींना मिळते. मळ्यातील विहिरीचेच पाणी घरात पिण्यासाठी येत असेल, तर शेत आणि माठ यांच्यात अंतर फारसे उरत नाही. विहिरीजवळचा उकिरडा, गोठा आणि शौचालयाचा शोषखड्डा हेही नायट्रेटचे उगम आहेत.

सर्वाधिक धोका सहा महिन्यांखालील बाळांना असतो. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. अमेरिकेतील डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्यामुळे निळसर पडलेल्या अर्भकांची नोंद केली होती. नातवंडाचे वरचे दूध बहुधा आजीच तयार करते. म्हणून ही माहिती तुमच्यापाशी हवी. पहिले सहा महिने केवळ स्तनपान हे उत्तम संरक्षण आहे. बाळाचे ओठ वा नखे निळसर दिसली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. गर्भवती स्त्रिया आणि जठरातील आम्ल कमी झालेल्या व्यक्ती यांनीही जपावे. वाढत्या वयात अनेकांचे हे आम्ल कमी होते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आपल्या विहिरीचा आकडा परीक्षणाशिवाय कळणार नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारणा करावी, अथवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा अशी तपासणी योग्य. नमुना देताना ‘नायट्रेटही तपासा’ असे स्पष्ट सांगावे. केवळ जंतूंच्या तपासणीत ते दिसत नाही. मर्यादा ओलांडलेली असेल, तर तुरटी, क्लोरीन वा साधी गाळणी कामास येत नाही. तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणी घ्यावे किंवा नीट देखभाल केलेले आरओ यंत्र वापरावे.

उपायाचा दुसरा भाग शेतात आहे. माती तपासून, पिकाच्या गरजेनुसार थोडे थोडे खत देणे, द्राक्षाच्या ओळींमध्ये ताग वा ढैंचा घेणे, उकिरडा विहिरीपासून दूर नेणे, हे घरच्या कर्त्या माणसांना तुम्ही सांगू शकता. जादा नत्राने द्राक्षवेल नुसती पानाने माजते आणि रोगाला बळी पडते, हे त्यांना ठाऊक असतेच. तेच नत्र आपल्या माठातही उतरू शकते, एवढे त्यांच्या कानावर घाला. घरातील ज्येष्ठांचा शब्द अशा वेळी खतविक्रेत्याच्या शब्दापेक्षा जड ठरावा.