कोड्यांत रमलेले कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (जन्म डहाणू, १९०५) यांना आकड्यांची गोडी ज्योतिषाचे वेड असलेल्या कारकून वडिलांनी लावली. ठाण्याच्या शाळेत कोडी सोडवताना ती मुरली. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज नंतरचे. मग कॉलेजचे श्रेय शून्य? तसे नाही. तिथे शिकत असतानाच १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, म्हणजे छंदाला मौलिक काम म्हणून मान्यता लाभली. ‘हे तर नुसते आकड्यांचे खेळ’ हा आक्षेप मात्र पुढेही टिकला. तो अर्धाच खरा. बी.एस्सी.नंतर देवळालीत शाळामास्तरकी करणाऱ्याकडे दुसरी साधने तरी कोणती होती? त्याच खेळातून ६१७४ हा, चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिल्यास बहुतेकदा शेवटी येणारा, ‘कापरेकर स्थिरांक’ सापडला. गणिती कोड्यांवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते.