उधाण हुकलं की पंधरवडा गेला! डोल जाळ्याचं गणित समजून घ्या

अलिबाग : बाजारात एका आठवड्यात बोंबलाचे ढीग लागतात, तर पुढच्याच आठवड्यात टोपली रिकामी दिसते. असं का होतं? आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर त्याचं उत्तर डोल जाळ्यात आहे.

मासा जाळ्याकडे येतो
डोल म्हणजे तोंडाला रुंद आणि शेपटीला निमुळती अशी मोठी पिशवी. ती एका जागी खुंटाला किंवा नांगराला बांधतात. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली पाण्याच्या ओढीबरोबर वाहत आत शिरतात. म्हणजे पाणी जितकं जोरात चालेल, तितकी मासळी जास्त. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ मोठी असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाला पाणी मंदावतं आणि जाळं हलकं येतं. महिन्यात उधाणं दोनच.

तिथीची पाऊणपट
भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आजही चालतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे साधारण 6 वाजता पूर्ण भरती. पाण्याचा जोर संपून ते थोडा वेळ थांबतं, तेव्हाच जाळं उचलायचं. त्यामुळे ही वेळ चुकवून चालत नाही.

ऋतूप्रमाणे बदल
पावसाळ्यात सावित्री, कुंडलिका यांसारख्या नद्या गाळ आणि खाद्य समुद्रात आणतात. याच काळात बऱ्याच माशांची वीण होते. म्हणून 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळतो. सप्टेंबरपासून थंडीपर्यंत बोंबलाचा मुख्य हंगाम. थंडीतला कोरडा वारा सुकवणीलाही चांगला.

नेमका घाला इथेच
अडचण अशी की अरबी समुद्रातली वादळंही पावसाळ्यानंतर याच दिवसांत येतात. 2019 मध्ये दिवाळीच्या अमावस्येला 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही चक्रीवादळं आली. दोन्ही आपल्या किनाऱ्याला धडकली नाहीत, पण समुद्र खवळला आणि बोटींना बंदरात परतण्याचे इशारे मिळाले. ऐन उधाणात बोट किनाऱ्याला राहिली, तर पुढचं उधाण येईपर्यंत पंधरा दिवस थांबावं लागतं. त्यात अवकाळी पाऊस आला, तर मांडवावरचे बोंबीलही खराब होतात.

मोबाईलवर काय बघाल?
हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था उपग्रहावरून मासळी कुठे मिळू शकते, ते सांगते. पण डोल जाळं एका जागी बांधलेलं. त्यामुळे डोलकरांना जास्त उपयोग लाटांची उंची आणि वाऱ्याच्या अंदाजाचा. हवामान विभागाचा मच्छिमारांसाठीचा इशाराही रोज बघा. पाऊणपट भरतीची वेळ सांगते, वादळाची नाही. उधाण पंधरा दिवसांनी पुन्हा येईल. खवळलेल्या दर्यात गेलेला माणूस परत येईलच असं नाही.