जहाजाचा जीर्णोद्धार

नव्या मंदिरापेक्षा जुन्याच्या जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट मानले जाते. हेच मोल जहाजालाही लागू पडावे.

वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानातून घडलेली ‘त्रिंकोमाली’ ही शिडांची युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. १८९७ मध्ये ती मोडीत निघाली. पण जेफ्री व्हीटली कॉब यांनी विकत घेतल्याने वाचली आणि पुढे १९८६ पर्यंत मुलांना नौकानयन शिकवीत राहिली.

त्यानंतर प्रश्न उभा राहिला : जीर्ण नौका दुरुस्त करावी, पण ठेवावी कोठे? इंग्लंडमधील हार्टलपूल बंदराने दोन्ही भार उचलले. ‘वॉरियर’ या जुन्या युद्धनौकेच्या दुरुस्तीत तेथील कारागिरांचे हात तयार झाले होते. २००१ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला. नौका आजही तेथेच तरंगते आहे.

दुरुस्तीचा खर्च एकदाच होतो, सांभाळ मात्र नित्याचा. म्हणून त्याची तरतूद आधी हवी.